दुखापत किंवा आजारानंतर कामगाराची नोकरी कशी टिकते

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादा कामगार हाताला प्लास्टर घालून गेटवर चौकशीला आला, की सुपरवायझर बहुधा एकच गोष्ट सांगतो: "आण्णा, घाई करू नका. पूर्ण बरे व्हा, मगच या." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते, ऐकणाऱ्यालाही धीर येतो आणि घरची माणसे तर त्याहून ठासून तेच सांगतात. तरीही नोकरी हातची जाण्याची सुरुवात पुष्कळदा याच वाक्यापासून होते. पूर्ण बरे होण्याची तारीख कोणालाच ठाऊक नसते. तोवर मशीनवर बदली माणूस बसतो, महिन्या-दोन महिन्यांत त्याचा हात बसतो, आणि मूळ कामगार परत येतो तेव्हा त्याच्यासाठी जागा उरलेली नसते. कोणी कोणाला काढलेले नसते, पण व्हायचे ते झालेले असते.

या विषयात जगभर मान्य झालेली एक गोष्ट अशी की, माणूस कामापासून जितका जास्त काळ दूर राहतो तितकी त्याच कामावर परतण्याची शक्यता कमी होत जाते. दुखापत किती मोठी होती याच्याइतकेच महत्त्व कामाच्या ठिकाणाशी असलेला धागा केव्हा तुटला याला असते. म्हणूनच जर्मनीत २००४ पासून कायद्याने असे बंधन आहे की, बारा महिन्यांत कामगाराचे आजारपण एकूण सहा आठवड्यांच्या पुढे गेले, तर मालकाने स्वतःहून त्याच्यापुढे चर्चेचा प्रस्ताव ठेवायचा आणि त्याची संमती असेल तर परत येण्याची योजना त्याच्यासोबत बसून आखायची. आपल्याकडे असा नियम नाही. पण पहिल्या आठवड्यातच कोणीतरी घरी जाऊन भेटावे आणि पुढचे बोलणे सुरू करावे, याला नियमाची गरजही नाही. मात्र भेटायला जाणारा माणूस "कधी येणार?" असा तगादा लावणारा नसावा.

विश्रांतीविषयीची आपली समजूतही थोडी तपासून पाहायला हवी. साधी कंबरदुखी घ्या. सांगलीच्या हळदीच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालापासून बारा तास स्टिअरिंगवर बसणाऱ्या चालकापर्यंत सगळ्यांना ती गाठते. पूर्वी तिच्यावर अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. आता वैद्यकशास्त्र नेमके उलट सांगते. पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा हाड मोडल्याची शंका यांसारखी गंभीर लक्षणे नसतील, तर झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणाऱ्या माणसाची पाठ लवकर सुधारते. अंथरुणात स्नायू ढिले पडतात, झोपेची घडी विस्कटते, आणि "आता माझ्याने काही होणार नाही" ही भावना मनात घर करते. काम हेही उपचाराचा भाग होऊ शकते, फक्त ते आजच्या शरीराला झेपणारे असले पाहिजे.

झेपणारे काम शोधायचे कसे, हा या विषयाचा खरा गाभा आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त आळस केला जातो. आपण कामाकडे पदाच्या नावाने पाहतो: ऑपरेटर, फिटर, हेल्पर, वायरमन. त्यामुळे प्रश्नही एकच पडतो की, हा माणूस ऑपरेटरचे काम करू शकतो की नाही, आणि उत्तर "नाही" असे येते. पदाचे नाव बाजूला ठेवून कामाचे तुकडे पाडले की चित्र बदलते.

एखाद्या मशीन शॉपमधला व्हीएमसी, म्हणजे धातूचे भाग कापून घडवणारे संगणकचलित मशीन, चालवणारा ऑपरेटर डोळ्यांसमोर आणा. उजव्या मनगटाचे हाड मोडून जोडलेले आहे, प्लास्टर नुकतेच निघाले आहे आणि पकड अजून आलेली नाही. पाळीभर तो काय करतो? जमिनीवरच्या पॅलेटवरून दहा-बारा किलोचे कास्टिंग उचलतो, फिक्स्चरवर बसवतो, पान्याने क्लॅम्प आवळतो, दार ओढून सायकल सुरू करतो, आवाजावरून टूल बोथट झाल्याचे ओळखतो, इन्सर्ट, म्हणजे टूलचे कापणारे टोक, बदलतो, एअर गनने चिप उडवतो, बोअर गेजने माप घेतो, ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेप्रमाणे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, टाकतो आणि तपासणीच्या तक्त्यात आकडा लिहितो. यांतली उचलण्याची आणि आवळण्याची कामे आज त्याला जमणार नाहीत. चिप उडवणे कदाचित डाव्या हाताने जमेल. पण आवाज ओळखणे, माप घेणे, ऑफसेट ठरवणे ही कामे त्याला आजही जमतात, आणि बदली आलेल्या पोराला नेमकी तीच जमत नाहीत.

तेव्हा पहिले दोन आठवडे त्याने फक्त दिवसपाळीत, चार तास, तपासणीच्या टेबलावर बसावे आणि नव्या पोराला ऑफसेट शिकवावा. त्यानंतर तो मशीनवर उभा राहील, पण लोडिंग हेल्पर करील. पुढच्या टप्प्यात हलके जॉब तो स्वतः लावील. पॅलेट जमिनीवर ठेवण्याऐवजी कमरेच्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर ठेवले, तर उचलण्याचा अर्धा ताण तिथेच संपतो. तो स्टँड शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो आणि पुढे सगळ्यांच्याच पाठी वाचवतो. पूर्ण वेळ आणि त्यानंतर रात्रपाळी सर्वांत शेवटी यावी. ही योजना कागदावर लिहावी, तिच्यावर तारखा घालाव्यात आणि दर आठवड्याला ती पुन्हा पाहावी. तारखा नसलेले हलके काम एक तर वर्षानुवर्षे तसेच चालते, किंवा एखाद्या ऑर्डरच्या घाईत दुसऱ्याच दिवशी संपते.

हलक्या कामाच्या नावाखाली माणसाला वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसवण्याची एक रीत आपल्याकडे आहे. ती उपकारासारखी दिसते, पण वीस वर्षे मायक्रॉनमध्ये काम केलेल्या माणसाला तिच्यात अपमानच जाणवतो, आणि थोड्याच दिवसांत तो स्वतःहून यायचा बंद होतो. दिलेल्या कामाचा कारखान्याला खरोखर उपयोग झाला पाहिजे. लाइनवरच्या इतरांनाही ही योजना आधी सांगून ठेवावी. तसे केले नाही, तर "त्याला बसून पगार आणि आम्ही मरमर मरतोय" अशी कुजबुज सुरू होते, आणि ती कुजबुज डॉक्टरच्या कागदापेक्षा जास्त नुकसान करते.

डॉक्टरच्या कागदाचाही एक प्रश्न आहे. आपल्याकडचा दाखला दोनच शब्द ओळखतो: फिट आणि अनफिट. ब्रिटनने २०१० मध्ये आपला जुना आजारपणाचा दाखला बदलला आणि काही बदल केल्यास हा माणूस काम करू शकेल, असा तिसरा पर्याय त्यात घातला. आपल्या दाखल्यात तो रकाना नसला, तरी डॉक्टरला तसे विचारायला कोणी मनाई केलेली नाही. फक्त "साहेब, कामावर जाऊ का?" असे विचारले, तर उत्तर सावधपणाचेच येणार; कारण मिरजेतल्या ओपीडीत दोन मिनिटांत रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला त्याचे मशीन कसे असते हे माहीत नसते. त्याऐवजी आपल्या कामाची पानभर माहिती लिहून न्यावी आणि नेमके विचारावे: किती किलो उचलू शकतो, सलग किती वेळ उभा राहू शकतो, शिडी चढू शकतो का, रात्री जागू शकतो का, चालू गोळ्यांनी झोप येते का. उत्तरे त्याच कागदावर सहीशिक्क्यासह घ्यावीत. आजाराचे नाव मालकाला कळण्याची गरज पुष्कळदा नसते. काय करता येईल आणि काय टाळायचे, एवढे कळले तरी पुरते.

पैसे कोठून येतात

आता कायद्याकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा आणि १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, हे दोन्ही तिच्यात सामावले गेले आहेत. मूळ चौकट मात्र जुनीच आहे, आणि कामगाराने आधी हे पाहावे की आपण यांपैकी कोणत्या छत्राखाली येतो.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत काम करणारा कामगार साधारणपणे ईएसआयमध्ये येतो. त्याच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत, नोकरीची दोन वर्षे आणि वर्गणीची अट पूर्ण असेल, तर ८० टक्के दराने एकूण दोन वर्षांपर्यंत आधार मिळू शकतो. कामावरच्या अपघातात तात्पुरते अपंगत्व आले, तर ते टिकेपर्यंत ९० टक्के मिळतात आणि त्यासाठी आधीच्या वर्गणीची अट नसते. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, यात धरला जातो. अट एवढीच की अपघाताची नोंद अपघात पुस्तकात शक्य तितक्या लवकर झाली पाहिजे आणि मालकाने विमा कार्यालयाला लगेच कळवले पाहिजे. "आपल्याच डॉक्टरकडे टाके घालू, कागद कशाला?" या एका वाक्यात पुढचे सगळे हक्क बुडतात.

सर्वांत मोठा गैरसमज कायमच्या अपंगत्वाच्या रकमेविषयी आहे. प्रेसमध्ये पूर्ण अंगठा गेला, तर कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे धरले जाते. ज्याचे सरासरी रोजचे वेतन ६०० रुपये आहे, त्याचा पूर्ण दर ९० टक्क्यांनी ५४० रुपये होतो आणि त्याच्या ३० टक्के म्हणजे दिवसाला १६२ रुपये, तीस दिवसांच्या महिन्याला ४,८६० रुपये, त्याला आयुष्यभर मिळतात. कामावर परत गेलो तर हे पैसे बंद होतील, या भीतीने अनेक जण घरी बसतात. ते बंद होत नाहीत. पगारही मिळतो आणि ही रक्कमही मिळते.

तात्पुरत्या अपंगत्वाचे मात्र तसे नाही, आणि इथे या व्यवस्थेतला एक खरा दोष उघडा पडतो. ज्या दिवशी कामगार काम करतो, त्या दिवसाचा आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ त्याला मिळत नाही. अर्धा दिवस काम आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचा लाभ, अशी सोयच नाही. म्हणजे वर सांगितलेली चार तासांची योजना राबवायची, तर मालकाने चार तासांचाच पगार द्यायचा आणि कामगाराने घरी बसून मिळणाऱ्या ९० टक्क्यांवर पाणी सोडायचे; असा सौदा कोणता शहाणा माणूस करील? कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर यावर उपाय एकच दिसतो: त्या तीन-चार आठवड्यांचा पूर्ण पगार मालकाने द्यावा. नवा ऑपरेटर तयार होईपर्यंत जो माल रिजेक्शनमध्ये जातो त्याचा हिशेब मांडला, तर हा खर्च डोईजड वाटू नये.

साखर कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि साताऱ्या-सांगलीत ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. फक्त साखरनिर्मितीत असलेला कारखाना कायद्याच्या भाषेत हंगामी कारखाना ठरतो आणि हंगामी कारखाने ईएसआयच्या बाहेर असतात. त्यामुळे मिलवर किंवा बॉयलिंग हाऊसमध्ये जखमी झालेल्याला भरपाईच्या तरतुदींवरच अवलंबून राहावे लागते. तिथे महिन्याचा आधार नसतो, एकरकमी भरपाई असते. चाळीस वर्षांच्या फिटरचा पगार कितीही असला, तरी हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरले जातात. त्याच्या ६० टक्के म्हणजे ९,००० गुणिले त्या वयाचा गुणक १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये ही पूर्ण कायम अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेला असेल तर तिच्या ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९ रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो. उपचार चालू असतानाच्या तात्पुरत्या काळात मात्र दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्ध्या वेतनाइतकी रक्कम मिळते, त्यामुळे माणूस जखम ओली असतानाच कामावर धावतो.

नोकरी टिकवण्याच्या दृष्टीने साखर कारखान्याला एक सोय आपसूक मिळालेली आहे. हंगाम संपला की पावसाळाभर मशिनरी उघडून दुरुस्ती चालते. त्या काळात स्टोअरमधला हिशेब, सुट्या भागांची मापे, बेअरिंगच्या नोंदी, दुरुस्तीच्या याद्या अशी बसून करायची पण जाणकाराचीच कामे पुष्कळ असतात. हंगामात जखमी झालेला जुना फिटर इथे हळूहळू रुळू शकतो. ऊसतोड मजुराला मात्र ही वाटही नाही. त्याच्या कोयत्याला पर्याय म्हणून देण्याजोगे दुसरे काम मुकादमाकडे नसते.

काढून टाकण्यापासून संरक्षण किती

आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला काढू नये, असे १९४८ च्या कायद्याचे कलम ७३ बजावत असे. पण त्याचे संरक्षणही लाभ चालू असेपर्यंतचेच होते. सरकारी नोकराची स्थिती खूप बळकट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २० स्पष्ट सांगते की, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही आणि त्याची पदावनतीही करता येणार नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचे आणि तसे पद नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचे. जिल्हा परिषद, महापालिका, महावितरण, एसटी महामंडळ हे सगळे या व्याख्येत येतात. विजेच्या धक्क्याने हात गमावलेल्या लाइनमनला किंवा अपघातात पाय गमावलेल्या एसटी चालकाला हे कलम पाठ असायला हवे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका बसचालकाच्या प्रकरणात याच दिशेने पाऊल टाकले. रंगांधळेपणामुळे त्याला घरी पाठवण्यात आले होते, आणि पर्यायी काम शोधण्याचा खराखुरा प्रयत्न न करताच परिवहन महामंडळाने हात झटकले हे न्यायालयाने चुकीचे ठरवले.

खासगी कारखान्याला कलम २० चे हे विशिष्ट बंधन लागू नाही. त्याने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचे असते आणि दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायचा नसतो. पण अंगठा गेलेल्या ऑपरेटरला हा आधार मिळवायला बराच लढा द्यावा लागतो. खासगी नोकरीत म्हणूनच कायद्यापेक्षा वर सांगितलेल्या योजनेवर आणि त्या योजनेसाठी बोलायला तयार असलेल्या युनियनवर किंवा मुकादमावर जास्त भिस्त ठेवावी लागते.

आजारांविषयी थोडे. क्षयाची योग्य औषधे सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांचा संसर्ग पसरवण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. म्हणून सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत माणसाला घरी बसवण्याचे कारण नाही, डॉक्टरने होकार दिला की तो कामावर येऊ शकतो. मधुमेहात रात्रपाळी आणि जेवणाच्या वेळा सांभाळणे हाच मुख्य बदल. फाउंड्रीतल्या धुळीने झालेल्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारात मात्र याच्या उलट वागावे लागते: त्याच वाळूच्या धुळीत परत पाठवणे म्हणजे आजार वाढवणेच, तेव्हा नोकरी टिकवायची पण जागा बदलायची. सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्यात नोंदलेला असल्याने त्यालाही अपघातासारखीच भरपाई लागू होते.

आणि एवढे करूनही नोकरी सोडायचीच वेळ आली, तर राजीनाम्याचा मजकूर कोणी लिहिला आहे ते पाहावे. ऑफिसमधून टाइप होऊन येणाऱ्या कागदावर हमखास "वैयक्तिक कारणास्तव" असे शब्द असतात. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेची अट आहे, पण अपंगत्वामुळे सेवा संपली तर ती अट लागत नाही. आणि तीनच वर्षे झालेल्या कामगाराने "वैयक्तिक कारणास्तव" या शब्दांखाली सही केली, की हा हक्क सिद्ध करणे अवघड होऊन बसते. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही पूर्ण व कायम अपंगत्व आल्यास दहा वर्षांची अट न लावता निवृत्तिवेतन मिळते, पण ते अपंगत्व नोकरीत असतानाचे असावे लागते. तेव्हा आधी वैद्यकीय मंडळाचा निर्णय हातात घ्यावा, अपघाताच्या नोंदीची प्रत घ्यावी, आणि राजीनामा द्यायचाच असेल तर त्यात अपघाताची तारीख व अपंगत्वाचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहून, पोच घेतलेली प्रत घरी ठेवावी. कंत्राटदाराकडच्या कामगाराने याच कागदांवर मूळ कारखान्याचे नावही येईल असे पाहावे, कारण कंत्राटदार बदलला तरी भरपाईची जबाबदारी मुख्य मालकापर्यंत पोहोचते.